आवतण आल्याशिवाय

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एखादा नवा विचार मारून टाकायचा असेल, तर त्याच्या विरुद्ध बोलावं लागत नाही. त्याचा ठराव करायचा. एकजण सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, सगळे हात वर जातात, सेक्रेटरी 'एकमताने मंजूर' असं लिहून घेतात आणि चहा येतो. त्यानंतर तो विचार कुणालाही त्रास देत नाही. हे मी इतक्या गावांत पाहिलंय की हल्ली बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाकते, आज ठराव नाही, आणि चहा शेवटी.

मी निवृत्त शिक्षिका. नोकरी संपल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून नगर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्यांमध्ये अभ्यासाच्या बैठका घ्यायला जाऊ लागले. पाळक फोन करतात, मी रविवारी सकाळची एसटी पकडते, उपासना होते, कुणाच्या तरी घरी जेवण होतं आणि दुपारी चर्चमध्येच सतरंजीवर गोल करून बसतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण परतीच्या गाडीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो, आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय.

गेली काही वर्षं बैठकांचा विषय एकच, मिशन. आमच्याकडे मिशन म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोरे साहेब आणि मडमा आल्या, त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, गावकुसाबाहेर राहणाऱ्या आमच्या पणज्यांना पाटी-पेन्सिल दिली, देवाचं वचन दिलं. पुढे आम्हीही देणारे झालो. नाताळात गरिबांना कपडे, दवाखान्यात फळं, जत्रेत पाणपोई आणि त्यासोबत छापील पत्रकं. देणं म्हणजे मिशन, हे गणित पक्कं होतं.

नव्या विचाराने या गणितावर काट मारली. आमच्या वरच्या संस्थेने एक छोटी पुस्तिका काढली होती, तीत लिहिलं होतं की आपण पोचायच्या आधीच देव त्या घरात काम करत असतो. म्हणून दाता होऊन जाऊ नका, पाहुणा होऊन जा. ऐका, बसा, जे वाढतील ते खा. प्रभूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवलं तेव्हा पिशवी, झोळी काही घेऊ नका असंच बजावलं होतं, याची आठवण पुस्तिकेने करून दिली होती. मला ती फार आवडली. आयुष्यभर वर्गात बडबड केलेल्या बाईला 'ऐका' हा उपदेश नवा होता, म्हणूनही असेल.

ज्या मंडळीची ही हकिगत आहे, ती श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात. दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं जुनं चर्च, आजूबाजूला पाचपन्नास घरं, आणि मग जिकडेतिकडे ऊस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोडणी सुरू झाली होती. आमची एसटी उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे रांगत होती, त्यामुळे मी पोचले तेव्हा उपासनेतलं शेवटचं गीत चाललं होतं.

तिथे मला सिस्टर भेटल्या. त्या नन नव्हेत. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर गावी परतल्या. एकट्याच राहायच्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण पांढरं पातळ कडक इस्त्रीचं आणि पाठ ताठ. मंडळीच्या पंच, रविवारच्या शाळेच्या बाई, आणि साऱ्या गावाच्या सिस्टर. जातीपातीचा विचार न करता कुणाच्याही घरी जायच्या, इंजेक्शन द्यायच्या, रक्तदाब बघायच्या, गळवं कापून बांधायच्या. त्यांची काळी पिशवी दिसली की पोरं पळायची आणि म्हातारी माणसं उठून बसायची.

पाळक तरुण होते, तीन गावांच्या मंडळ्या मोटारसायकलवर सांभाळायचे. त्यांनी माझी ओळख करून देताना सिस्टरांचीच स्तुती केली. "देणं शिकावं तर सिस्टरकडून. उभा जन्म लोकांच्या घरी गेल्या, पण कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. पाणीसुद्धा नाही. नेहमी म्हणतात, आत्ताच झाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टर मात्र खिडकीबाहेर बघत होत्या.

मी पुस्तिकेतला विचार मांडला. तो संपायच्या आत सेक्रेटरी उभे राहिले. साखर कारखान्यात क्लार्क असलेला हा गृहस्थ कागदावर जगणारा. "बाई, विचार लई चांगला हाय. मी असा ठराव मांडतो की..."

"खाली बसा," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला होता, ते बसले. मग मी सांगितलं की ठरावाऐवजी एक काम करायचं. पुढच्या बैठकीपर्यंत दोघादोघांनी गावातल्या अशा घरी जायचं जिथे आपण कधी जेवलो नाही. हातात काही न्यायचं नाही. पत्रक नाही, प्रार्थनेचा कार्यक्रम नाही. बसायचं, ऐकायचं, देतील ते खायचं आणि यायचं.

"रिकाम्या हातानं?" एका बाईंनी विचारलं.

"रिकाम्या हाताने."

त्या बाईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना डोक्यावरचा पदर काढून बाजारात जायला सांगितलंय. लेकरंबाळं असलेल्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, हे आपल्याकडे दहा आज्ञांच्या आधीपासून पाळलं जातं. पण मी माझ्या तोऱ्यात होते.

पुढच्या बैठकीत एकेक जोडी सांगू लागली आणि मला हसावं की डोकं आपटावं कळेना. एका जोडीने केळी नेली होती, 'रस्त्यात भेटली म्हणून'. दुसऱ्या जोडीने बिस्किटांचा पुडा नेला, पण तो खिशात होता, हातात नव्हता. तिसऱ्यांनी आधी फोन केला होता, त्यामुळे त्या घरात पुरणपोळीचा घाट घातला गेला आणि पुरणाची ताटं बघून हेच लाजले. सेक्रेटरींनी तर यजमानांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, फोटो काढला, आणि तो गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकला. त्यावर कुणीतरी विचारलं की ही ख्रिस्ती मंडळी अचानक घरोघर का फिरायला लागलीत, काय भानगड हाय? त्याला दोघातिघांनी परस्पर उत्तरं दिली आणि एक संध्याकाळ त्यातच गेली. सरपंचांनी शेवटी लिहिलं, 'खायला आलेत, खाऊ द्या.' तेव्हा कुठे ते मिटलं.

मी हसत हसत सिस्टरांकडे वळले. "आणि सिस्टर, तुम्ही?"

"मी गेले नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "तुमी तर रोजच घरोघर जाता की."

"जाते. बसत नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, हाच तर पुस्तिकेतला मुद्दा, आणि हेच उत्तम उदाहरण. मी म्हणाले, "सिस्टर, घेणं हे देण्यापेक्षा अवघड असतं. अभिमान आडवा येतो आपला."

सिस्टर खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता, पण शहरात राहून घासूनपुसून घेतलेली त्यांची भाषा एकदम गावची झाली. "बाई, माझ्या आईचं हात जन्मभर रिकामंच हुतं. मिशननं मला हातात धरायला पिशवी दिली. आता तुमी पुस्तक घिऊन आलाय, म्हनं पिशवी खाली ठेव, रिकामी जा, वाढतील ते खा. आमी तेच करत हुतो की. तवा त्याला मिशन म्हनत नव्हते."

आणि त्या निघून गेल्या. चपला घालायला त्यांना वेळ लागला.

त्या आठवड्यात पाळकांचा फोन आला. सिस्टरांनी पंचपद सोडल्याचं कळवलं होतं. रविवारची शाळा घेणार नव्हत्या, उपासनेला येईन तेव्हा येईन म्हणाल्या होत्या. मंडळीत दोन तट पडले होते. तरुणांचं म्हणणं, सिस्टरांना एवढा ताठा बरा नाही. म्हाताऱ्यांचं म्हणणं, नगरहून येऊन ही बाई उंटावरून शेळ्या हाकते. पाळक बिचारे म्हणाले, "बाई, तुमचा विचार चांगला आहे, पण त्या गेल्या तर ही मंडळी राहत नाही हो."

मला राग आला होता, तो खोटं कशाला सांगू. मी काही त्यांना भीक मागायला सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं मी गावोगाव तोच धडा घेत होते आणि कुणी उठून गेलं नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडले की 'आमी तेच करत हुतो की' हे वाक्य कानात यायचं. माझी आजीही त्याच गावकुसाबाहेरची. मग मला ते आधी का सुचलं नाही? शिकलेल्या आईबापांच्या पोटी आले, म्हणून. मला रिकामे हात ही कल्पना वाटत होती.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मी बैठक न घेता सिस्टरांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, "या" म्हणाल्या, आणि माझ्यापुढे चहा, चिवडा, शंकरपाळी, केळ्याचे काप असं सगळं मांडून ठेवलं. रागावलेल्या होत्या तरी पाहुणचारात कसूर नाही. मी सगळं खाल्लं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील गावचे येसकर. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, आणि बदल्यात संध्याकाळी घरोघरच्या भाकरी गोळा करायच्या. घरात बायबल आलं होतं, पण भाकरी अजून दारोदार मागूनच येत होती. वडील आजारी पडले की आई जायची, सोबत ही सहा-सात वर्षांची मुलगी. गावातलं सगळ्यात मोठं घर चढणीवर. आई पायरीच्या खाली उभी राहून पदर पसरायची आणि वरून भाकरी टाकली जायची, हाताला हात लागू नये म्हणून.

"एकदा भाकरी पदरात पडली न्हाई, खाली मातीत पडली," सिस्टर म्हणाल्या. "आईनं उचलली, फुंकली, पदरात टाकली. आन हसली. त्या बाईकडं बघून हसली. भाकरी पडल्याचं मला काई न्हाई. आई हसली, ते मला सोसलं न्हाई. तवाच ठरवलं, या गावात कुनाच्या घरचं काई तोंडात घालायचं न्हाई."

पुढे मिशनच्या बोर्डिंगात गेल्या, नर्स झाल्या, पिशवी हातात आली. त्याच मोठ्या घरात त्या किती वेळा गेल्या असतील. त्या घरची थोरली सून, जी आता स्वतः म्हातारी झाली आहे आणि जिला सगळे थोरल्या बाई म्हणतात, तिच्या गुडघ्यांवर, साखरेवर, रक्तदाबावर उपचार यांनीच केले. प्रत्येक वेळी चहा विचारला गेला, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच, आत्ताच झाला.

"लोक म्हनतात सिस्टर त्यागी हाय. त्याग बिग काई न्हाई. मी त्यांच्यावर उपकार करत हुते. आन फेडू देत नव्हते." असं म्हणून त्या चक्क हसल्या. हसताना जरा कडवटपणा होता, पण लपवाछपवी नव्हती.

मी म्हणाले, "मग पुस्तिका चूक म्हणायची का?"

"चूक न्हाई. अर्धी हाय. पाहुना बी खातो आन मागनारा बी खातो. दोघांचं हात रिकामंच असत्यात. फरक एकच, पाहुन्याला आवतन असतं."

आवतण म्हणजे घरी येऊन, उंबऱ्याशी उभं राहून दिलेलं जेवायचं बोलावणं. फोनवरचं नाही, चिठ्ठीतलं नाही. गावाकडे लग्नापासून बाराव्यापर्यंत आवतणाशिवाय कुणी पानावर बसत नाही. ज्यांनी ती पुस्तिका लिहिली त्यांना कुणाच्याही घरात शिरलं की खुर्ची मिळत असणार. त्यांना बोलावणं गृहीत धरता आलं. आणि मी बाई, माणसांना आवतणाशिवाय जेवायला पाठवून मोकळी झाले होते. केळी आणि बिस्किटं नेणाऱ्यांना मी हसले, पण त्यांनी आपली अब्रू पुड्यात बांधून सोबत नेली होती, एवढंच.

मला हे पटलं. पण मी मास्तरीण, प्रश्न विचारल्याशिवाय उठवत नाही. "सिस्टर, त्यांचं आवतण आपल्याला नाही, खरं. आपलं त्यांना कधी गेलंय?"

"नाताळात फराळाची ताटं पाठवतो की समद्या घरी."

"ताट पाठवणं वेगळं आणि पाट मांडणं वेगळं."

त्यांनी रिकाम्या बशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, "थोरल्या बाई न्हाई आल्या तर?"

त्या एवढ्याशा प्रश्नात मला त्यांची खरी भीती दिसली. पायरीखाली उभं राहायची भीती त्यांनी केव्हाच जिंकली होती. आता आपण पाट मांडायचा आणि त्यावर कुणी बसायचं नाही, ही भीती होती. पुन्हा एकदा त्याच पायरीवरून नकार घेऊन उतरायचं, या वयात. 'देव बघेल' असं म्हणायची सवय आहे आपल्याला, पण ते माझ्या तोंडून निघेना. मी नगरची गाडी धरली.

पुढचं मला पाळकांनी फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. सिस्टर दोन दिवसांनी पिशवी न घेता मोठ्या घरी गेल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि थोरल्या बाईंना म्हणाल्या, "सोमवारी माझ्याकडं जेवायला यायचं."

थोरल्या बाई गडबडल्या. म्हणाल्या, "अगं बाई, सोमवारी माझा उपास."

"मग मंगळवारी."

"मंगळवारी चतुर्थी हाय."

"गुरुवारी?"

"गुरुवार तर मी कधीपासनं धरते."

सगळ्या गावाला ठाऊक आहे की नको असलेल्या घरचं ताट टाळायला उपासासारखी ढाल नाही. ना खोटं बोलावं लागत, ना कुणाचा अपमान होत. सिस्टर तिथेच वळल्या असत्या तर गोष्ट संपली असती. पण नर्सच्या जातीला रोग्याच्या सबबी तोंडपाठ असतात. त्या म्हणाल्या, "बरं, मग सोमवारीच या. मी बी सकाळपासनं काई खानार न्हाई. शाबूची खिचडी करते, शेंगदाण्याची आमटी करते, भगर करते. उपासाचंच खाऊ."

थोरल्या बाईंकडे आता सबब उरली नव्हती. सून दारात उभी राहून पदर तोंडाशी धरून हसत होती म्हणे.

सोमवारी त्या आल्या. सुनेचा हात धरून, काठी टेकत, चढण उतरून ख्रिस्ती वस्तीत पहिल्यांदाच. जिने तिने दारं खिडक्या उघडून बघितलं. किती खाल्लं, काय बोलणं झालं, हे सिस्टरांनी कुणालाही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मीठ कमी पडलं हुतं. मागून घेतलं त्यांनी."

सिस्टर पुन्हा बैठकीला येऊ लागल्या. पंचपद घेतलं नाही, पण रविवारची शाळा सुरू केली. आणि बैठक बदलली. त्या परत आल्या त्या रविवारी मी पुस्तिका पिशवीतून काढलीच नाही. रिकामे हात म्हटल्यावर तुमच्या घरात काय आठवतं, एवढंच विचारलं. मग एक म्हातारे उठले, दुसऱ्या उठल्या. भाकरीचा तुकडा कुठल्या घरचा चांगला असायचा, कोण माउली लेकरासाठी गूळ द्यायची, कोण दार उघडायचीच नाही. तरुणांनी हे कधी ऐकलं नव्हतं. आईबापांनी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची म्हणून. सेक्रेटरींची मुलगी नगरला कॉलेजात शिकते, ती आपल्या आजोबांचं ऐकताना ढसाढसा रडली. ठराव मांडायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी एवढ्या वर्षांत घेतलेली ती सगळ्यात चांगली बैठक, आणि तीत मी जवळजवळ काही बोलले नाही.

पण आवतणाला आवतण यायचं बाकी होतं. गावात परतफेड असते. जेवून गेलेल्याने जेवायला बोलवायचं, हे सांगावं लागत नाही. एक रविवार गेला, दोन गेले, नाताळ झाला, ऊस संपत आला. बैठकीला आलेल्यातलं कुणीतरी दर वेळी विचारायचं, "सिस्टर, काही निरोप?" सिस्टर मान हलवायच्या. सेक्रेटरी म्हणाले, थोरल्या बाईंना कुणीतरी आठवण करून द्यावी. सिस्टर फाडकन म्हणाल्या, "आठवन करून दिली की ते मागनं झालं."

मी त्या दिवसांत त्यांच्याकडे बघायची आणि मला वाईट वाटायचं. त्या आता मोठ्या घरी इंजेक्शन द्यायलाही जात नव्हत्या, तालुक्याच्या डॉक्टरकडे जा म्हणायच्या. गेलं तर बोलावणं मागायला आल्यासारखं दिसेल म्हणून. मंडळीही त्यांच्याबरोबर वाट बघत होती. पाळकांनी एका उपदेशात म्हटलं की आपण सुवार्ता घेऊन जायला शिकलो, बोलावणं यायची वाट बघायला शिकलो नव्हतो. वाक्य छान होतं, पण वाट बघणारीला त्याचा काय उपयोग?

उन्हाळा तापू लागला तेव्हा एका सकाळी माझा फोन वाजला. सिस्टर होत्या. त्या फोनवर कधी हळू बोलत नाहीत. "मोठ्या घरची सून येऊन उंबऱ्यात उभी राहून गेली. थोरल्या बाई आजारी हुत्या, घरच्यांनी कुनाला कळू दिलं न्हाई, अंथरुनातनं उठल्या न्हवत्या, म्हनून उशीर. बुधवारी दुपारचं आवतन हाय. तू ये. जोडीनं जायचं लिहिलंय न्हवं तुझ्या पुस्तकात?"

पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं होतं.

बुधवारी आम्ही दोघी चढण चढलो. ऊन मी म्हणत होतं. सिस्टरांनी नवं पातळ नेसलं होतं. मोठ्या घराच्या पायऱ्यांशी त्या थांबल्या. गुडघ्यांमुळे थांबल्या असं कुणीही म्हटलं असतं. मी हात पुढे केला, त्यांनी धरला नाही. एकेक पायरी चढून आत गेल्या.

आत जमिनीवर पाट मांडले होते, आणि गुडघेदुखीच्या दोघी म्हाताऱ्यांसाठी भिंतीशी बुटकं टेबल. थोरल्या बाई फारच वाळल्या होत्या, पण केस विंचरून बसलेल्या. "या सिस्टर," एवढंच म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. सुनेने ताटं वाढली. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, वर तूप. मी प्रार्थना कशी करावी या विचारात होते, तोवर सिस्टरांनी डोळे मिटले आणि उघडले, बस्स. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

त्या सावकाश जेवत होत्या. थोरल्या बाईही जेवत होत्या, आजारपणाने जेमतेम चार घास. कुणी जुनं काही काढलं नाही. वांगी कुठल्या मळ्यातली, यंदा विहिरीला पाणी किती, नातवाचं लग्न कधी, असं बोलणं चाललं. मला आता क्षमा, समेट, असं काहीतरी मोठं घडेल असं वाटत होतं, आणि इथे तर नुसतं जेवण चाललं होतं.

सिस्टरांची भाकरी संपली. आपल्याकडे पाहुण्याने अशा वेळी हात आखडता घ्यायचा असतो. 'पुरे, पुरे' म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, ताटावर आडवा हात धरायचा, असा सगळा खेळ असतो. परक्या घरी स्वतःहून कुणी मागत नाही. मागतं ते घरचं माणूस. सून दुसरीकडे काहीतरी आणायला गेली होती, थोरल्या बाई नातवासाठी बघितलेल्या मुलीविषयी सांगत होत्या.

सिस्टरांनी मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने, वस्तीत ऐकू येईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, मला अजून एक भाकरी लागल."

थोरल्या बाईंचं बोलणं अर्धंच राहिलं. मला रडू आलं, आणि ते मी ठेच्यावर ढकललं. आतून सून म्हणाली, "आणते, आणते. तव्यावरच हाय." सिस्टर ताटाशी हात ठेवून, पाठ ताठ, काही घाई नसल्यासारख्या भाकरीची वाट बघत बसल्या.